कल्तूमच्या हातचा डिंक

अल-उबैद शहराच्या डिंकबाजारात कल्तूमसारखी निवडणारी दुसरी बाई नव्हती. हशाबच्या झाडाच्या डिंकाचा ढीग समोर ओतला की सालपटं, वाळू आणि लबाडीने मिसळलेला हलका डिंक ती गप्पा मारता मारता बाजूला काढायची. शब्द मात्र निवडायची नाही. मुकादमसुद्धा तिच्या तोंडाला लागत नसे.

घरी ही जीभ चालत नव्हती. नवरा दफअल्ला जंगलात झाडांना खाचा पाडायचा. मुलं झाली, काही जगली, काही पुरली, आणि मग या गृहस्थांना इखलास नावाची पोरगी आवडली. त्या लग्नाच्या पंगतीचा असीदा, आपल्या ज्वारीच्या उकडीसारखा, त्याने कल्तूमलाच ढवळायला लावला. "तुझ्या हाताला चव आहे गं," असं वर सगळ्यांदेखत म्हणाला. बायका हसल्या, तीही हसली. त्या हसण्याची लाज तिला कधी विसरता आली नाही. इखलास घरात आली आणि कल्तूमला त्याने वेगळ्या घरात हाकललं.

पुढे त्याचं तोंड सुजलं, पाय सुजले, लघवी बंद होत आली. इखलास माहेरी निघून गेली आणि हा भिंत धरत कल्तूमच्या दारात आला.

"डिंक दे भिजवून. तुझ्या हातचा स्वच्छ असतो."

आमच्या कोर्दोफान प्रांतात मूत्रपिंडाच्या दुखण्याला आधी डिंक, मग देव, मग डॉक्टर. रात्री भिजत घालायचा, सकाळी अनशापोटी प्यायचा. तरी कल्तूम त्याला दवाखान्यात घेऊन गेली. आमच्याकडे आजाऱ्याच्या तोंडावर मरणाचं नाव काढत नाहीत, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिलाच बाहेर बोलावलं.

"डिंक पिऊ दे, त्याने अपाय नाही. अख्खं जग शरबतातून, गोळ्यांतून खातं. पण बाई, डिंक म्हणजे रक्त धुणारं मशीन नव्हे. आठवड्यातून दोनदा मशीनसाठी इथे आण. नाही आणलंस तर माणूस हातचा जाईल."

हे सगळं त्याला सांगायचं, असं ठरवूनच ती घरी आली. अगदी खरं सांगते, तिच्या मनात तेव्हा पाप नव्हतं.

खाटेवर टेकल्या टेकल्या तो म्हणाला, "इखलासला निरोप धाड. मी बरा होतोय म्हणावं, ये. तू मागच्या खोलीत राहा. दोघांचं करायला कुणीतरी लागणारच." मग कूस बदलत, "ती बाई काय म्हणाली गं?"

"डिंकाने काही अपाय होत नाही म्हणाली."

"बघ! मी काय सांगत होतो? आणि तिथलं ते मशीनबिशीन?"

"नाही. त्याचं काही बोलली नाही."

डिंकाला दोष देऊ नका, तो बिचारा निर्दोष. रोज सकाळी कल्तूम कणभर कचरा नसलेला ग्लास त्याच्या ओठाला लावायची. ज्या सवतीसाठी त्याने तिला हाकललं, ती फिरकलीसुद्धा नाही, आणि ही मात्र सेवा करतेय, म्हणून गल्लीभर तिचं कौतुक झालं.

एका सकाळी त्याला श्वास पुरेना. जीभ जड झाली होती, तरी त्याने विचारलं, "अजून... काही... म्हणाली होती का?"

कल्तूम त्याच्या कानाशी वाकली. "म्हणाली होती. मशीनवर नेलं तर जगशील, असं म्हणाली होती."

त्याचे डोळे विस्फारले. तोंडातून नुसती घरघर निघाली. त्याने हात झाडून ग्लास ढकलला, थोडा डिंक चादरीवर सांडला.

तेवढ्यात शेजारची, हजला जाऊन आलेली हाजा तिराबा आत आली. "अरे दफअल्ला, हा काय पोरकटपणा? अशी बायको मिळायला नशीब लागतं! पी मुकाट्याने." आणि तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तो तिच्याकडे बघत मान हलवत राहिला.

"धर हं, हाजा, असंच धर," कल्तूम म्हणाली, आणि तिने उरलेला ग्लास त्याच्या तोंडात ओतला.