यंत्र नसलेल्या खोलीचा पंचनामा

ती केस आठवली की आजही डोकं चक्रावतं. मी तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर ठाणे अंमलदार होतो. पुण्याचं एक कुटुंब बॅगांसकट ठाण्यात आलं. दिवेआगरचं घर इंटरनेटवर बुक केलं, आगाऊ रक्कम भरली, आणि घरमालकीण म्हणते, तुमचं नावच नाही! मग तशाच आणखी तक्रारी आल्या.

टीप द्यायला एक खोल्यांचा एजंट स्वतःच आला. "साहेब, वाडीतली ती पोरगी बघा. एका खोलीत बसून लोकांच्या घरांचं बुकिंग घेते. काल चार घरं होती, आज श्रीवर्धनपर्यंत पसरली. सरळ धंदा असा वाढतो व्हय?" मलाही पटलं.

आम्ही छापा घातला. खोलीत ती मुलगी, टेबल, पंखा आणि एक लॅपटॉप.

"एवढ्या धंद्याची मोठी मशिनं कुठे लपवलीस?" मी दरडावलं.

"नाहीतच, साहेब. दुसऱ्यांचे कॉम्प्युटर इंटरनेटवरून भाड्याने घेते. क्लाउड म्हणतात त्याला. लग्नाला आपण मंडप भाड्यानेच आणतो ना? सुट्टीत गर्दी झाली की जास्त घ्यायचे, पावसाळ्यात सोडून द्यायचे. म्हणून तर मला परवडलं."

"मग ते आहेत कुठे?"

"नक्की मलाही ठाऊक नाही."

अरे देवा! घटनास्थळाच्या पंचनाम्यात चतुःसीमा लिहावी लागते. हवालदाराने विचारलं, "साहेब, त्या कॉम्प्युटरांच्या पूर्वेला काय लिहू?" मी म्हटलं, "नारळ लिही!" लॅपटॉपला लाखेचं सील ठोकून मुद्देमालात ठेवला. धंदा बंद झाला, असं मी समजलो.

सकाळी हवालदार धावत आला. "साहेब, लॅपटॉप कुलपात हाय, तरी बुकिंग चालूच हाय!" मी खरंच चक्रावलो. चौकशीला आलेल्या मुलीला मोबाईलवर उघडलेली बुकिंगची दोन वेबपानं दाखवली. तिचा चेहरा पडला. "साहेब, यातलं एक पान माझं आहे. ते भाड्याच्या कॉम्प्युटरवर चालतं, म्हणून लॅपटॉप नेला तरी बंद पडलं नाही. दुसरं हुबेहूब तसंच, पण माझं नाही. मला स्वस्तात जमतं, तसं चोरालाही जमतं."

हवालदाराला पर्यटक बनवून त्या दुसऱ्या पानावर खोली मागितली. थोड्या वेळात फोन आला. "रूम हाय, समुद्रासमोर. आगाऊ पाठवा लवकर." स्पीकरवरचा आवाज मी लगेच ओळखला. आमचा टीप देणारा एजंट! पुढचं काम सोपं होतं.

पण मुलगी हसली नाही. छाप्याचा गावभर बोभाटा झाला होता, घरमालकिणी तिच्या पानावरून आपली घरं काढून घ्यायला निघाल्या होत्या. ती म्हणाली, "कॉम्प्युटर हवे तेवढे वाढवता येतात, साहेब. या काकूंचा विश्वास कुठून भाड्याने आणू?"

याला माझ्याकडे कलम नव्हतं. टोपी घातली आणि तिच्याबरोबर चालत निघालो. पहिल्याच दारात काकू उभ्या होत्या. मी म्हटलं, "काकू, हिचा काही दोष नाही. चोर सापडलाय."

काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं, मग तिला. "आत ये गं. आणि साहेब, तुम्ही पुढच्या घरी जा. अजून बरीच दारं हायत."

गुन्हा उघडकीला आणला की काम संपलं, असं मला तोवर वाटायचं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी दारं ठोठावत होतो.