फोरमनकाकांची उंच गाडी

शोरूममध्ये गेलेला माणूस आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसतो. स्टिअरिंग धरतो, आरशात स्वतःकडे बघतो आणि निम्मी खरेदी तिथेच उरकते. आमच्या कॉलनीतले फोरमनकाका मात्र सरळ मागचं दार उघडत, चपला खाली काढून ठेवत आणि मागच्या सीटवर डोळे मिटून बसत. गुडघे पुढे टेकतात का, पाठ कुठे दुखते, वारा येतो का, हे सगळं मिनिटभर बघून घेत. सेल्समन अवघडून उभा असे. मग काका डोळे उघडून म्हणत, "गाडी घेणारा पुढे बसतो, सोसणारे मागे बसतात. त्यांना कोण विचारतं?"

नाशिकमध्ये सातपूरच्या एका मोटारीच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे तयार गाडीची शेवटची तपासणी होती. नुसतं दार लागल्याच्या आवाजावरून कुठली बिजागरी ढिली आहे ते सांगत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि नेमकी तेव्हाच आमच्या कॉलनीत गाड्यांची हवा शिरली. तोवर स्कूटरवर चौघं बसून जाणारी घरं आता कर्जाचे फॉर्म आणू लागली. गाडी घ्यायची ठरली की लोक काकांकडे यायचे. काका पैसे घेत नसत, पण त्यांच्या दोन अटी असत. गाडी बघायला घरातली सगळी माणसं आली पाहिजेत, आणि गाडी चालवून बघायची ती आपल्या गल्लीत. "शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर बैलगाडीसुद्धा छान चालेल," ते म्हणत.

माझी पहिली गाडी त्यांनीच घेऊन दिली. मी शाळेत शिकवत होते, आमचे हे मनमाडला रेल्वेत, शनिवार-रविवारी घरी येत. गाडी मी चालवणार होते, हप्ते माझ्या पगारातून जाणार होते. पण द्वारका चौकाजवळच्या त्या शोरूममधला सेल्समन काकांशीच बोलत राहिला. इंजिन, मायलेज, सगळं काकांना. काकांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्याकडे काय बघताय? मला गाडी घ्यायची नाही. ज्यांना घ्यायची आहे त्या इथे उभ्या आहेत. त्यांच्याशी बोला." आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. मला घाम फुटला. पण मी विचारत गेले, चुकत गेले, पुन्हा विचारत गेले. बाहेर आले तेव्हा काकांनी फक्त एवढंच विचारलं, "येताना मोठी डिकी हवी म्हणालात, ती कशाला?" मी म्हटलं, दिवाळीत आणि मे महिन्यात गावी जाताना सामान असतं. "वर्षातनं दोनदा लागणारी वस्तू दोन्ही वेळा भाड्यानं मिळते, बाई. तिच्यासाठी वर्षभर पैसे कशाला मोजायचे?" मी लहान गाडी घेतली. ती मला दहा वर्षं पुरली.

एका शोरूमच्या मॅनेजरला वाटलं, ह्या माणसाला हाताशी धरलेलं बरं. त्याने दिवाळीला पेढ्यांचा मोठा बॉक्स पाठवला आणि सोबत एक पाकीट. काकांनी दोन्ही परत पाठवलं. बॉक्समध्ये चिठ्ठी होती, "एक पेढा खाल्ला आहे. पेढा चांगला आहे. गाडीबद्दल मत पूर्वीचंच."

पण त्यांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हती, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो ह्याचमुळे. मखमलाबादकडे फुलशेती करणारे सुखदेवभाऊ एकदा त्यांच्याकडे आले. झेंडू, गुलाब, शेवंती, सगळं पहाटे बाजारात नेणारा माणूस. पोराच्या लग्नाआधी त्यांना घरची एक चांगली गाडी घ्यायची होती. काकांनी वहीवर हिशेब मांडला आणि पिकअप घ्या म्हणून सांगितलं. फुलंही जातील, माणसंही जातील.

सुखदेवभाऊंनी वहीतला हिशेब नीट बघून घेतला. मग म्हणाले, "काका, तुमचं बराबर हाय. पण बापानं टोपली डोक्यावर नेली, म्या सायकलीवर नेली, मंग टेम्पोत नेली. माझी बायको आजवर कुठं बी गेली तर माल भरलेल्या गाडीत, करंड्यांच्या मधी बसून. एक गाडी अशी पायजे का जिच्यात नुसती ती बसंल. फुलं नाय, काय नाय."

काकांनी वही मिटली. "मी चुकलो," ते म्हणाले. "चला, उद्या बघायला जाऊ. वहिनींना घेऊन या." कॉलनीत इतक्या सहज 'मी चुकलो' म्हणणारा दुसरा पुरुष मी पाहिला नाही.

पुढे दोन हजार सालानंतर त्या नव्या उंच गाड्या आल्या. धड जीप नाही, धड कार नाही. चाकं मोठी, अंग उंच, आत मात्र साध्या कारसारखंच सगळं. काकांचा त्यांच्यावर राग होता. "जीपचा कोट घातलेली कार आहे ही," म्हणायचे. "तेच इंजिन, तेच गिअर. वीतभर उंचीचे लाख-दीड लाख जास्त. कोण डोंगर चढणार आहे हिच्यातनं? गंगापूर रोडला भाजी आणायला जाणार." आमच्या ह्यांचं मन अशाच एका गाडीवर बसलं होतं. काकांनी दहा मिनिटांत त्या बेतावर पाणी फिरवलं. आमचे हे आठवडाभर घुश्शात होते.

त्याच सुमारास काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. काकू म्हणजे काकांच्या पत्नी, सायखेड्याच्या, गोदावरीकाठच्या मळ्यात वाढलेल्या, अंगाने उंच आणि स्वभावाने त्याहून ताठ. गुडघे आधीच संधिवाताने धरले होते, त्यात न्हाणीघरात पडल्या. ऑपरेशन चांगलं झालं, पण डॉक्टरांनी बजावलं की खाली बसायचं नाही, कमरेत फार वाकायचं नाही. त्या काठी घेऊन घरात हिंडू लागल्या, स्वयंपाक करू लागल्या. अडलं ते बाहेर जाण्यापाशी. रिक्षात पाय मुडपून बसणं जमेना. माझ्या गाडीतून एकदा तपासणीला नेलं, तर बसताना त्या खोल खाली गेल्या आणि उतरताना दोघांनी काखेत हात घालून वर ओढावं लागलं. दवाखान्याच्या दारात माणसं बघत होती. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "पोतं उतरवतात तसं उतरवलं मला. पुन्हा नाही जायचं मला कुठे."

आणि त्या खरंच कुठे गेल्या नाहीत. देवळात नाही, हळदीकुंकवाला नाही. सायखेड्याला भावाच्या मुलीचं लग्न होतं. काकूंनी लग्नाच्या दिवशी सर्दी झाल्याचं सांगितलं. मी लग्नाला निघाले होते, त्यांच्या आहेराचं पाकीट न्यायला त्यांच्याकडे गेले. पलंगावर हिरवी पैठणी काढून ठेवलेली होती, आणि काकू ती पुन्हा घडी करून कपाटात ठेवत होत्या. काका दारात उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी काका आमच्या दारात आले. हातात मोजपट्टी. "बाई, मोकळ्या आहात का? जरा गाड्या बघून येऊ."

आदल्या संध्याकाळी त्यांनी घरातली प्रत्येक खुर्ची, पलंग, स्टूल मोजलं होतं. काकू कशावरून आधाराशिवाय उठतात आणि कशावरून नाही, ते वहीत लिहून ठेवलं होतं. आम्ही चार शोरूम फिरलो. काका जमिनीपासून सीटपर्यंत पट्टी लावत, आकडा लिहीत आणि पुढे जात. सेल्समन पोरं एकमेकांकडे बघून हसत होती. साध्या गाड्या सगळ्या बुटक्या निघाल्या. जीपला पायरी चढावी लागे. शेवटी त्या 'कोट घातलेल्या' गाडीपाशी आलो. काकांनी पट्टी लावली, वही बघितली, पुन्हा पट्टी लावली. आकडा स्वयंपाकघरातल्या खुर्चीशी जुळत होता.

सेल्समन म्युझिक सिस्टिमबद्दल सांगू लागला. "ते असू दे," काका म्हणाले. "दार किती उघडतं ते दाखव."

मला राहवलं नाही. "काका, वीतभर उंचीचे लाख-दीड लाख म्हणत होतात ना तुम्ही?"

"म्हणत होतो," ते पट्टी गुंडाळत म्हणाले. "तेव्हा मी नुसती गाडी बघत होतो, बाई."

ट्रायलची गाडी आमच्या गल्लीत आली. काकू ओटीवर आल्या त्या नाइलाजानेच. सेल्समन हात द्यायला पुढे धावला, तर काकांनी त्याच्या छातीवर तळवा ठेवून त्याला थांबवलं. काकूंनी गाडीकडे पाठ केली, काठी टेकली, आणि त्या सीटवर सहज बसल्या, जेवायला खुर्चीवर बसावं तशा. मग एक पाय आत घेतला, मग दुसरा. दार ओढून घेतलं. काचेतून समोर बघत राहिल्या. मग दार उघडून आपल्या आपण उतरल्या. उभ्या राहिल्या. आणि पुन्हा बसल्या. आता काही कारण नव्हतं, तरी बसल्या.

"रंग कुठले कुठले आहेत?" त्यांनी सेल्समनला विचारलं.

काकांनी आयुष्यभर लोकांना पांढरा रंग घ्यायला लावला होता. पांढरी गाडी उन्हात कमी तापते, विकताना भाव चांगला येतो. काकूंनी डाळिंबी निवडला. काकांनी ब्र काढला नाही. घासाघीस मात्र केली, सवयीप्रमाणे दोन तास, आणि पायपुसणी, कव्हर, पहिलं सर्व्हिसिंग असं सगळं पदरात पाडून घेतलं. निवृत्तीच्या पैशांतली मोठी रक्कम गेली. मुलीने फोनवर विचारलं, बाबा, ह्या वयात एवढा खर्च? काका म्हणाले, "तुझ्या आईला माहेरी जायचंय."

सायखेड्याला त्यांच्याबरोबर मीही गेले. भावाच्या दारात गाडी थांबली तेव्हा आळीतली पोरंटोरं जमली. सगळे गाडी बघत होते. काका मात्र काकूंच्या पावलांकडे बघत होते. काकू उतरल्या, पदर सारखा केला, काठी घेतली आणि कोणाचाही हात न धरता ओट्यापर्यंत गेल्या. त्यांची नव्वदीची आई बाजेवर बसली होती. "इतक्या दिसांनी? कशी आली गं?" म्हातारीने विचारलं. काकू म्हणाल्या, "माझी मी आले." नवी नवरी सासरहून आली होती. तिची ओटी काकूंनी तिथेच भरली.

पुढची तीन वर्षं ती गाडी दर आठवड्याला कुठेतरी जाई. सोमेश्वराचं देऊळ, भाजीबाजार, मैत्रिणीकडे, सायखेडा. मग एका हिवाळ्यात काकू न्यूमोनियाने चार दिवसांत गेल्या. काकांनी वर्षभर एकट्याने रेटलं. मुलीने आग्रह धरला तेव्हा पुण्याला तिच्याकडे जायचं कबूल केलं. पुढे ते तिथेच वारले, आणि मला ते आठ दिवसांनी कळलं. पण मनात राहिला आहे तो त्यांचा नाशिकमधला शेवटचा आठवडा.

गाडी विकायची होती. आडगावचा एक तरुण दुकानदार बघायला आला. काकांनी त्याला स्वतःच्याच गाडीतले दोष एकेक करून दाखवले. क्लच कधी बदलायला लागेल, मागची काच कुठे अडकते. तो चकितच झाला. मग त्याला डाव्या दाराखालच्या पट्टीवर बारीक ओरखडे दिसले, एकाच जागी, पंचवीस-तीस तरी. "हे कशाचे?"

"काठीचे," काका म्हणाले. "टेकवताना लागायची."

"रंगवायला लागेल. त्याचे पाच हजार कमी करा."

"त्याचे काही कमी होणार नाहीत."

आवाज इतका कडक होता की मी दचकले. तरुणही गोंधळला. बरं म्हणून त्याने चपला घातल्या आणि तो फाटकापर्यंत गेला. काका पायरीवर बसून राहिले. मग त्यांनी हाक मारली.

"अहो, या इकडे. तुमचं बरोबर आहे. तुमच्या दृष्टीनं ओरखडा तो ओरखडाच. पाच हजार कमी करतो." व्यवहार पुरा झाला. त्यांनी किल्ली दिली, अर्धा तास त्याला गाडीच्या खोडी समजावून सांगितल्या. तो निघाला तेव्हा खिडकीशी वाकून म्हणाले, "रंग सावकाश द्या. घाई नाही."

गाडी कोपऱ्यावरून वळली. "बाई, भाव बरा आला," काका म्हणाले. मी हो म्हटलं. ते आत जातील म्हणून मी थांबले होते, पण ते फाटकाला धरून तसेच उभे राहिले.