फुगा लहान होता, पण गोल नव्हता

डॉ. उमरीकर सरांना मी प्रथम पाहिले ते भूकंपानंतर, लातूरच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होतो. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाला सर पुन्हा पुन्हा गावाचे नाव विचारत. उत्तर अडखळले की त्या माणसाला आधी आत घेत. काही जण नाव सांगता सांगताच गेले. सर पुढच्याकडे वळत.

पुढे नांदेडला सर मेंदूच्या शस्त्रक्रिया करू लागले आणि मी त्यांच्याकडे स्कॅनचे अहवाल लिहू लागलो. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त, इतकी वर्षे न सांगितलेली एक गोष्ट सांगतो.

लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या सुनंदाताई डोकेदुखीसाठी आल्या. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. मी मोजमाप घेतले आणि लिहिले, ‘लहान’. सरांनी फिल्म उजेडासमोर धरली. फुगा तोंडाशी अरुंद, पुढे लांबट, आणि टोकावर आणखी एक बारीक उंचवटा. असा वेडावाकडा फुगा लहान असला तरी फुटण्याची भीती जास्त, हे त्यांनी मला दाखवले आणि ताईंना त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया सुचवली. अहवालातला ‘लहान’ वाचून ताई म्हणाल्या, पोरांची परीक्षा होऊ द्या, मग येतेच. सरांनी दोनदा समजावले, पण आवाज चढवला नाही.

नवव्या दिवशी, वर्गात शिकवतानाच फुगा फुटला. ताई वाचल्या नाहीत.

सर मला घेऊन कंधारला ताईंच्या सासरी गेले. ताईंच्या यजमानांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, लहान हाय म्हणून लिवलं होतं की?"

मी मान खाली घातली.

"चूक माझी," सर म्हणाले. "मला धोका दिसला होता. त्या घाबरतील म्हणून मी हळू बोललो."

माझे नाव त्यांनी घेतले नाही. परतताना गाडीत एवढेच म्हणाले, यापुढे मापाबरोबर आकारही लिहीत जा.

वर्षभराने यजमानच ताईंच्या धाकट्या बहिणीला तपासणीसाठी घेऊन आले. त्यांनाही तसाच, उंचवट्याचा फुगा निघाला. या वेळी सरांनी तो कागदावर काढून दाखवला आणि म्हणाले, "थांबलात तर जीव जाऊ शकतो." शस्त्रक्रिया झाली. एक हात अधू राहिला, पण त्या आज आहेत.

सुनंदाताईंच्या वेळची चूक माझी होती. सरांच्या डोळ्यांदेखत हे छापून यावे, म्हणून हा लेख. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. अवघड फिल्म दाखवायला आम्हाला ते अजून पुष्कळ वर्षे हवे आहेत.