सातव्या मजल्यावरचं रडणं

सातव्या मजल्यावर म्हणे बाळ रडायचं.

आमच्या रस्त्यावरची ती मोठी इमारत तेव्हा अर्धीच झाली होती. भिंती नाहीत, दारं नाहीत, नुसते खांब आणि स्लॅब. दुपारी कामगार जेवायला खाली उतरले, यंत्रं बंद झाली, की वरून तान्ह्या बाळाचा आवाज यायचा. आधी टाहो. मग एकदम गप्प. आणि मग (इथं इस्त्रीवाला आवाज इतका खाली आणायचा की ऐकणाऱ्यानं त्याच्या तोंडातच कान घालावा) मग काहीतरी गटागटा प्यायचं.

"काय पितं?"

"ते मी सांगेन हो, पण झोप तुमची जाईल."

झालं! आता झोप जाणारच.

पार्लरवालीनं त्यात स्वतःची भर घातली. बाळ मुलगीच आहे, असं तिचं ठाम मत. कशावरून? तर रडण्यातल्या हट्टावरून. सातव्या मजल्यावर फ्लॅट बघून गेलेलं एक जोडपं घाबरलं आणि त्यांनी आठव्यावरचा घेतला. म्हणजे भुताच्या डोक्यावर नाचायला मोकळे.

खरं काय ते मला क्रेनवालीच्या सासूनं सांगितलं. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, पण तोवर तिचं स्वतःचंच निम्म्या गल्लीला सांगून झालं होतं. उरलेल्या निम्म्यांवर अन्याय कशाला?

तर क्रेनवाली. त्या इमारतीच्या बाजूला जी उंचच उंच क्रेन उभी होती, तिच्या टोकाजवळच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती चालवायची. सळया, पाट्या, काँक्रीटची बादली, सगळं तिनं उचलायचं आणि तिनंच ठेवायचं. साइटवर तिचं नाव पडलं होतं 'वरची'. "आज स्लॅब होईल का?" असं कुणी विचारलं की मिस्त्री आभाळाकडे बोट दाखवून म्हणायचे, "सगळं वरचीच्या हातात." नवा माणूस भक्तिभावानं मान डोलवायचा, आणि बाकीचे खो खो हसायचे.

बाई सडपातळ, बोलायला तिखट आणि हाताला अशी हलकी की एवढा मोठा सळयांचा भारा खाली टेकला तरी धूळ उडायची नाही. यंत्रावर तिचा जीव आणि यंत्रावर तिचा विश्वास. माणसं खोटं बोलतात, यंत्र नाही बोलत, असं ती नवऱ्याला तोंडावर सांगायची. नवरा बिचारा सामान पोचवायची गाडी चालवायचा. तो गाडीकडे बघून म्हणायचा, "ऐकलंस का गं?"

तिला मुलगी झाली. बाळंतपणाची रजा संपली आणि वरची पुन्हा वर चढली. तिथून खरी गंमत सुरू झाली.

पोरगी म्हणजे आईच्या वरताण. डब्याचं दूध तोंडात घ्यायची आणि आजीच्या चष्म्यावर फुर्र करून उडवायची. हवं तर आईचंच, नाहीतर काही नको. सकाळी वरची पाजून यायची, संध्याकाळी धावत जाऊन पाजायची. प्रश्न दुपारचा होता. खाली उतरून पाजायचं म्हटलं तर क्रेनची ती उभी शिडी! उतरण्यात आणि चढण्यातच जेवणाची सुट्टी संपायची. दोन-तीन वेळा तिनं तेही करून बघितलं. भोंगा वाजला तेव्हा ती शिडीवर अर्ध्यात, आणि खाली साइटचे साहेब घड्याळाकडे बघत उभे.

साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या मिशीला हसण्याची सवय नव्हती. तो म्हणाला, "बाई, क्रेन थांबली की अख्खी साइट थांबते. तुम्ही घरी थांबा काही महिने. मी दुसरा ऑपरेटर बघतो."

दुसरा ऑपरेटर! आपल्या खुर्चीत दुसरा कुणी बसतोय, आपले दांडे कचाकचा ओढतोय, हे वरचीच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एकदा गेलेली खुर्ची परत मिळत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं दवाखान्यातल्या नर्सला गाठलं. नर्सनं दूध काढायचा हातपंप दिला. एक प्लॅस्टिकचं नरसाळं, त्याला दांडी, खाली बाटली. घरी करून बघितलं. एका बाजूला पोरगी पीत होती, दुसऱ्या बाजूला पंप लावला, आणि बाटली भराभर भरली. वरची खूश! सगळं श्रेय तिनं पंपाला दिलं.

बेत असा ठरला, की दुपारी केबिनमध्ये बसून दूध काढायचं. क्रेनवरून हत्यारं खाली-वर करायला दोरीला बांधलेली कापडी पिशवी असते, तिच्यात बाटली ठेवून खाली सोडायची. मागच्या गेटपाशी सासू बाळाला घेऊन उभी राहील.

पहिल्या दिवशी पिशवी खाली आली. सासूनं उघडून बघितलं. बाटलीचा तळ नुसता ओला.

"हे काय? चाखायला पाठवलंय का?" सासू वर बघून ओरडली. वर काय ऐकू जाणार! पोरीनं भोकाड पसरलं, आणि आजी तिला घेऊन तशीच घरी गेली.

वरची हटली नाही. तिच्या लेखी हा यंत्राचा बिघाड होता. तिनं पंप खोलला. झडप पुसली, रबराची चकती उलटीसुलटी करून बघितली, हवा कुठून निसटते ते गालाला लावून तपासलं. तेल घालायचाही विचार मनात आला होता, असं सासू सांगते. पुन्हा जोडला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर तेवढंही नाही. छाती दगडासारखी घट्ट, हात वर करवत नाही, आणि दूध येता येत नाही.

नर्स म्हणाली, "पंप ठीक आहे गं. पण असं साचत राहिलं तर आटेल सगळं."

पोरगी डोळ्यांपुढे आली तर दूध येईल म्हणून मोबाइलवर तिचा फोटो बघावा, तर क्रेनवर मोबाइल न्यायला बंदी, तो गेटवरच जमा. एकदा पोरीचं टोपडं खिशात घालून नेलं. वास घेतला, डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत येऊन काय उपयोग? नको तिथून येत होतं!

मग तो दिवस उगवला. खाली शिट्टी नावाचा पोरसवदा बाप्या होता. त्याचं काम खालून वरचीला इशारे देण्याचं. पूर्वी शिट्टी वाजवायचा, आता हातात वॉकीटॉकी आला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. वॉकीटॉकीचा नियम एकच आणि कडक. न समजणारा कसलाही आवाज आला, की लोड जिथं आहे तिथं थांबवायचा. सुट्टी व्हायला थोडा वेळ होता, सासू आधीच येऊन उभी. कडेवर पोरगी. शिट्टीनं बटण दाबलं. तो म्हणणार होता, "ताई, डावीकडे जरा." पण तोंड उघडलं पोरीनं.

"ट्यँऽऽऽ!"

अख्ख्या साइटवरच्या सगळ्या वॉकीटॉकींतून एकदम! वर सळयांचा भारा हवेत होता. वरचीनं नियमाप्रमाणे तो जागच्या जागी थांबवला. आणि त्याच क्षणी तिच्या शर्टाला दोन्हीकडून ओल फुटली. धारा म्हणजे धारा! बेल्टपर्यंत.

साहेब स्वतःच्या वॉकीटॉकीवर किंचाळले, "काय झालं? लोड का थांबला? वरून बोला!"

वरून आवाज आला, हसणारा आणि रडणारा, दोन्ही एकदम. "साहेब, पान्हा फुटलाय!"

सगळ्या साइटनं ऐकलं. सळईवाले, गवंडी, वेल्डर, पाणी मारणाऱ्या बायका. त्या बायकांनी जो गलका केला! एकीनं तर हातातला पाइपच वर केला आणि मिस्त्रींना अंघोळ घातली.

वरचीनं सळया अलगद उतरवल्या, हुक मोकळा केला, मग पंप लावला. पंप तोच, चकती तीच. पिशवी खाली आली तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरलेली. सासूनं घरून उकळून आणलेलं निपल लावलं, पोरीच्या तोंडात दिलं. पोरगी गप्प. शिट्टीच्या हुशारीची कमाल बघा, त्यानं बटण पुन्हा दाबलं आणि वॉकीटॉकी तिच्या तोंडाशी धरला. गट्, गट्, गट्. वर केबिनमध्ये वरचीनं ते ऐकलं आणि काचेला कपाळ टेकवून बसली.

साहेबांना मात्र काही गट् गट् पटलं नाही. खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नव्हतं. डोक्यावर लोखंड लोंबकळत असताना हा खेळ कसा चालेल?

सासू पुढे झाली. "मग लोखंड नसताना चालवू. जेवणाच्या सुट्टीत हुक रिकामा असतो ना? तेव्हा बोलेल माझी नात."

साहेबांनी मिशी चावली. "उद्याची सुट्टी तुमची. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला की हुक हलला पाहिजे. नाही हलला तर परवा दुसरा ऑपरेटर वर चढेल. त्याला निरोप गेलाय."

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली. जेवायला कोण गेलं? कुणी नाही! सगळे मागच्या गेटपाशी, हातात डबे तसेच. वर वरची पंप धरून तयार. शिट्टीनं बटण दाबलं.

आणि पोरगी हसली.

एवढी माणसं आपल्याला बघायला आली म्हटल्यावर बाईसाहेबांचा आनंद गगनात मावेना. वेल्डरनं मुखवटा घालून भिववलं, ती त्याच्यावर लट्टू झाली. मिस्त्रींनी मांजराचा आवाज काढला, तिनं टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. शिट्टीनं तर जीभ बाहेर काढून असं काही तोंड केलं, की पाणी मारणारी एक बाई म्हणाली, "अरे, पोरगी राहू दे, मलाच रडू येतंय!"

वरून आवाज आला, "आई, रडवा ना तिला!"

सासू म्हणाली, "अगं, तुझी आहे. वेळेवर कधी काही करेल का?"

"चिमटा काढा हळूच!"

"तू ये आणि काढ. माझा हात नाही धजत."

सुट्टी सरत चालली. वरून एकदा नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. सगळ्यांना कळलं, वर काय चाललं असेल ते. तेवढ्यात साहेब गर्दी बाजूला सारत आले. त्यांनी हेल्मेट काढलं. खाली तुळतुळीत डोकं, मध्ये दोन जाड भुवया, त्याखाली ती मिशी. पोरीच्या तोंडापाशी वाकून ते गरजले,

"वेळ संपत आली!"

पोरीनं डोकं बघितलं. मिशी बघितली. ओठ बाहेर आला, थरथरला, आणि मग जो काही टाहो फोडला! शिट्टीनं बटण दाबून धरलं. साइट दणाणली. माणसं नाचायला लागली, साहेब हेल्मेट हातात धरून तसेच, आणि सासू नातीला थोपटत म्हणतेय, "रड बाई, रड, अजून रड!"

वरून एकच शब्द आला. "आलं!"

पिशवी खाली आली, बाटली भरलेली. पोरगी गटागटा प्यायली. भोंगा झाला, आणि भोंग्याचा आवाज विरायच्या आत हुक हलला. इतका ऐटीत हलला, की मिस्त्रींनी त्याला नमस्कार केला.

दुसऱ्या ऑपरेटरला 'येऊ नको' असा निरोप गेला. त्या दिवसापासून दुपारी गेटवर येऊन हेल्मेट काढायचं काम साहेबांकडे लागलं. पुढे पोरगी त्यांनाही बधेना. डोकं दिसलं की खिदळायची, मिशी धरायची. साहेब म्हणे घरी आरशासमोर नवीन नवीन चेहरे करून बघायचे. बायकोला वाटलं, माणूस कामातून गेला. पण तोवर वरचीचं मनही सरावलं होतं. पोरगी हसो की रडो, नुसता तिचा आवाज आला की पुरे. शेवटी शेवटी तर शिट्टी "ताई, पिल्लू आलंय" एवढंच म्हणायचा आणि दूध यायचं. सासू म्हणते, "बघा, माझ्या मुलाच्या हाकेला कधी एवढी धावून आली नाही!"

इमारत पुरी होईपर्यंत क्रेन वरचीनंच चालवली. पोरगी घरचा वरण-भात खायला लागेपर्यंत आईच्याच दुधावर वाढली. आता चालते, आणि कुठेही काही उंच दिसलं की चढते.

राहता राहिलं ते सातव्या मजल्यावरचं बाळ. तिथं बाळ कधीच नव्हतं. लोड उतरवून घेणारी माणसं जेवायला जाताना आपला वॉकीटॉकी पूर्ण आवाजात तिथल्या सळईला टांगून जायची. बाळ खाली, मागच्या गेटपाशी आजीच्या कडेवर होतं. आईचं दूध पीत होतं.