गर्ग्यांच्या घरातला पंचावन्नचा काटा

शरच्चंद्र गर्गे नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना घड्याळ दिलं नाही, हवेतला दमटपणा मोजणारा काटा दिला. पितळी कडेचा, गोल, बशीएवढा. गर्ग्यांच्या नोकरीला याहून शोभेलशी वस्तू सापडली नसती. बत्तीस वर्षं ते कागदाच्या हॉलची हवा सांभाळत होते. कागदाचं अंग मोठं नाजूक. दमट हवेत तो फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो, आणि मग छपाईचा एक रंग एकीकडे नि दुसरा दुसरीकडे. म्हणून काटा पंचावन्न टक्क्यांवर हवा. दारं बंद, खिडक्या बंद, बाहेरचा वारा आत येता कामा नये. हॉलचं दार कोणी अर्धा मिनिट उघडं ठेवलं, तर गर्गे तिथूनच ओरडायचे.

माणूस निवृत्त झाला म्हणून त्याचं ओरडणं निवृत्त होत नाही. जेल रोडवरच्या त्यांच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये काटा हॉलच्या भिंतीवर चढला आणि घराचा कागदाचा हॉल झाला. पावसाळ्याआधी गर्ग्यांनी स्वतः स्टुलावर चढून सगळ्या सरकत्या खिडक्यांच्या फटींत फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. मागच्या खोलीला लागून न्हाणीघर होतं. तिथल्या एक्झॉस्टच्या भोकातून पावसाची हवा आत येते, म्हणून त्यावर पत्रा ठोकला. बायको, सुधाताई, म्हणाल्या, “अहो, जीव गुदमरेल.” गर्गे म्हणाले, “बत्तीस वर्षांत एक कागद गुदमरला नाही.”

मागच्या खोलीत मुलगा तनय, सून स्वरदा आणि नात आभा झोपत. आभाला लवकरच दुसरं वर्ष लागणार होतं. आषाढ संपता संपता ती खोकायला लागली. खोलीला कुबट वास येऊ लागला, गादी हाताला गार लागायची. गर्ग्यांनी हॉलमध्ये जाऊन काटा पाहिला. पंचावन्न. कधी सत्तावन्न. म्हणजे हवेचा दोष नाही. मग दोष कोणाचा? पावसामुळे आभाची दुपटी आणि झबली स्वरदा खोलीतच दोरीवर वाळत घालायची. गर्ग्यांना गुन्हेगार सापडला.

ते तिला घरात बोलले असते, तर एक वेळ ठीक होतं. पण श्रावणात आभाच्या वाढदिवसाला वणीहून व्याही आले. शाळेतून निवृत्त झालेले दीक्षित गुरुजी, शांत माणूस. पोरगी त्यांच्या मांडीवर खोकली. गुरुजींनी काळजीनं विचारलं, “डॉक्टरांना दाखवलं का?” आणि गर्गे सगळ्यांसमोर म्हणाले, “डॉक्टर काय करतील? घरात ओली धुणी वाळत घालायची आणि पोर खोकते म्हणून रडायचं. हे वळण माहेरीच लागावं लागतं.”

गुरुजींनी शिऱ्याची बशी तशीच खाली ठेवली. स्वरदा स्वयंपाकघरात गेली ती पाहुणे उठेपर्यंत बाहेर आली नाही. आणि गर्ग्यांना, खरं सांगायचं तर, आपण मुद्द्याचं बोललो असंच वाटलं.

पुढच्याच आठवड्यात आभाला धाप लागली. दवाखान्यात तोंडाला मास्क लावून वाफेतून औषध द्यावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, खोली दमट असेल तर पोरीला तिथे ठेवू नका. स्वरदा तिला घेऊन वणीला गेली. तनय कंपनीच्या कामाला पुण्याला होता. त्यानं तिथून फोन केला, “बाबा, मी भाड्यानं दुसरी जागा बघतोय.”

एकुलता मुलगा, एकुलती नात. “अरे, खोली दमट नाहीच! थांब, तुला मोजून दाखवतो,” म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा काटा हॉलमधून उचलून मागच्या खोलीत नेला. आभाच्या गादीवर ठेवला आणि अर्ध्या तासानं पाहिला.

शहाऐंशी.

काटा बिघडला असणार! गर्ग्यांनी प्रेसमधली जुनी परीक्षा केली. झाकणात मीठ घेऊन ते पाण्यानं ओलसर केलं, काट्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं. ओल्या मिठाजवळ काट्यानं पंचाहत्तर दाखवायलाच हवेत. संध्याकाळी पिशवी सोडली. बरोबर पंचाहत्तर. काटा शहाणा होता.

मग त्यांना कळलं. हॉलमध्ये काटा टांगला होता तो फ्रिजच्या वर. फ्रिजची गरम हवा दिवसभर त्याला लागायची, आणि हवा गरम झाली की दमटपणा कमी दिसतो, हे गर्ग्यांनी कितीतरी नव्या मुलांना शिकवलं होतं. मशिनजवळ काटा टांगणाऱ्या एकाला तर त्यांनी चारचौघांत झापलं होतं. प्रेसमध्ये बंद दारांमागे हवा कोरडी करणारी मोठी यंत्रं चालायची. इथे काय चालायचं? आंघोळीची सगळी वाफ पत्र्याला धडकून पोरीच्या खोलीत शिरत होती. त्यांनी कपाट ओढलं. मागची भिंत कमरेपर्यंत बुरशीनं काळी झाली होती. त्या भिंतीपासून आभाची उशी हातभरही लांब नव्हती.

नातीच्या छातीतला तो आवाज आपण आपल्या हातानं, स्टुलावर चढून तयार केला. आणि बोल लावला तो तिच्या आईला.

इथे त्यांनी कबूल करून टाकलं असतं तर ही गोष्ट बरी झाली असती. पण अब्रू मोठी चिवट असते. त्यांनी पत्रा काढला, पट्ट्या ओरबाडल्या, भिंत घासली, दोन दिवस पंखा लावून ठेवला आणि तनयला फोनवर सांगितलं, “रीडिंग बासष्ट आहे. मी म्हणत नव्हतो?”

सुधाताई भाजी निवडत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, “प्रेसमध्ये असं खोटं रीडिंग दिलं असतंत का हो?”

त्या रात्री गर्गे जेवले नाहीत. सकाळी त्यांनी तनयला फोन केला आणि होतं ते सगळं सांगितलं. तो फक्त “बरं” म्हणाला. पण तनयला सांगून भागणार नव्हतं. अपमान केला होता गुरुजींसमोर, तेव्हा मान खाली घालायची तीही गुरुजींसमोरच. सीबीएसच्या बसस्टँडवरून त्यांनी वणीची एसटी धरली. दिंडोरीपर्यंत त्यांनी वाक्यं जुळवली, पुढे ते ती विसरून गेले.

गुरुजींनी “या” म्हटलं, खुर्ची दिली. गर्गे बसले नाहीत. उभ्यानंच बोलले. “वळण तुमच्या मुलीला उत्तम आहे. कमी होतं ते मला. पोरीच्या खोलीत ओल मी कोंडली, आणि बोललो तिला. तेही तुमच्यासमोर. मला फार लाज वाटते.” गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

स्वरदा पाणी घेऊन दारात उभी होती. आतून आभाचा खेळण्याचा आवाज येत होता. खोकल्याचा नव्हता.

“बाबा,” ती म्हणाली, “हे मी तुम्हाला आषाढातच सांगितलं होतं. वाफ खोलीत येतेय, पत्रा काढू या म्हणून.”

गर्ग्यांनी आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना. “मी काय म्हणालो तेव्हा?”

“काही नाही. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात.”

ती रागावली असती तर बरं, असं गर्ग्यांना वाटलं. ती रागावली नव्हती. तिनं पाण्याचं भांडं पुढे केलं, पण ते घ्यायला त्यांचा हात काही केल्या उठेना.