भिंगवाल्यांचा फ्लॉवर

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे भिंगवाले म्हणत. डोळ्याला भिंग लावून बसण्यात त्यांचा जन्म गेला होता. खोड अशी, की बंद पडलेली वस्तू दिसली की ती का बंद पडली हे कळेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. फक्त स्वयंपाकघराकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो बायकोचा प्रांत. ती बेकरीत भट्टीवर कामाला. पाव झाला की नाही, हे भट्टीचं दार न उघडता नुसत्या वासावर सांगायची.

आणि नेमकं तिचंच नाक गेलं. तापाचं निमित्त झालं. ताप उतरला, पण वास आणि चव काही परतले नाहीत. "येतील हळूहळू," डॉक्टर म्हणाले; कधी, ते त्यांनाही सांगता येईना. पावांचा अख्खा ट्रे करपल्यावर ती बेकरीत जाईनाशी झाली, घरी गॅसजवळही फिरकेना. ताटावर बसायची, दोन घास चिवडायची आणि उठायची. तिचे आत गेलेले गाल भिंगवाल्यांना पाहवेनात.

शेवटी त्यांनीच बाह्या सरसावल्या आणि फ्लॉवरचा गड्डा घेऊन आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. फ्लॉवरला स्वतःची अशी चव कुठे असते? मग ती लागली नाही तर हिला वाईट तरी कशाला वाटेल? शिवाय तो होतो पटकन. तिला जरा भूक लागायची आणि ताटाला उशीर झाला की ती भूक मरायची. एकच पथ्य होतं, फ्लॉवर उकडायचा नाही. उकडलेल्या फ्लॉवरला ओल्या मोज्यांचा वास येतो, हा तिचा लग्नापासूनचा निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळे तुरे एकदम कढईत लोटले. बारीक होते त्यांचा कोळसा झाला, मोठे कच्चेच राहिले. असं का झालं? रात्रभर डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी दुकानातला स्क्रू ठेवायचा कप्प्याकप्प्यांचा ट्रे घासूनपुसून घरी आला. तुरे आकाराप्रमाणे कप्प्यांत बसले. मोठे आधी कढईत, चिमुकले शेवटी.

बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, भाजी करताय की घड्याळ उघडलंय?"

कितीतरी दिवसांनी ती हसली होती. भिंगवाल्यांना चेव चढला. लसूण-मिरपूड घालून परतून पाहिला. तिने खांदे उडवले. किसून, शेंगदाण्याचं कूट घालून पाहिला, तिने निम्मा खाल्ला. मग त्यांनी पातळ काप केले, गरम तेलात पसरले आणि खालची बाजू लाल होईपर्यंत चमचा लावायचा नाही म्हणून हात पाठीमागे बांधून उभे राहिले. वरून मीठ, तीळ, लिंबू.

तिने एक काप तोंडात टाकला. कुर्र! ती थबकली. दुसरा उचलला.

"चव शून्य," ती म्हणाली, "पण आवाज झकास आहे."

बशी रिकामी झाली. आपण जेवलोच नाही, हे भिंगवाल्यांच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हापासून घरात रोज कुरकुर सुरू झाली, तीही खाण्यातली. मात्र जाड दांडे साठत गेले. ते टाकवेनात. एका दुपारी ती बाहेरच्या खोलीत पडून होती, तेव्हा त्यांच्या मनात पाप आलं. उकडून सूप केलं तर? हिला कुठे कळणार आहे? त्यांनी गुपचूप पातेलं चढवलं, झाकण ठेवलं. थोड्या वेळाने वास दरवळला आणि तिचं म्हणणं किती खरं होतं ते त्यांना पटलं.

"अहो!" बाहेरून आवाज आला. "मोजे शिजवताय का?"

भिंगवाल्यांनी चोरासारखा गॅस बंद केला. मग आपण काय ऐकलं, ते त्यांना कळलं आणि हातातला चमचा खाली पडला.

ती धावत आली, झाकण उचललं आणि पातेल्यावर वाकून छाती भरून श्वास घेतला. "शी!" ती म्हणाली आणि पुन्हा वाकली. तिचे डोळे वाहत होते, त्यांचेही.

"दांडे शिजले नाहीत अजून. वासावरून कळतंय," नाक पुसत ती म्हणाली. "सरका जरा." आणि तिने गॅस पेटवला.