तीन दुखण्यांची याद

सोमवारी सकाळी माझा भाऊ वारला.

तो माझ्याहून चार वर्षांनी लहान होता. कसब्यात घरी बसून पोथ्यांच्या नकला करून देणे हा त्याचा उद्योग. मी नदीपलीकडच्या गोऱ्यांच्या छावणीत, कचेरीत इंग्रजी कागदांचे मराठी करतो. म्हणजे दोघेही दुसऱ्यांचेच लिहिणारे. तो जसे असेल तसे उतरवी. मला मात्र मजकुरात हात घालावा लागे.

इंग्रजी मला मुंबईकडून आलेल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने शिकवले. एकदा त्याने वाक्य घातले : झाडे, सच ॲज आंबा आणि चिंच, रस्त्याला सावली देतात. मी म्हटले, "रस्त्याला वडही आहेत."

"आहेतच की. इंग्रज आधी सगळा घोळका दाखवतो. मग त्यातल्या दोघातिघांकडे बोट करतो. बोट केलं नाही म्हणून बाकीचे उठून घरी जात नाहीत."

कधी सच ॲज येते, कधी लाइक, कधी फॉर इन्स्टन्स. पण रीत तीच, हेही त्यानेच सांगितले. मला ते त्याच दिवशी समजले होते. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण समजले नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही.

आपल्या दफ्तराची रीत निराळी. वर मथळा, खाली 'बितपशील' म्हणजे तपशील पुढीलप्रमाणे, त्याखाली एकेक कलम आणि तळाशी कलमांची संख्या. संख्या घालायची ती मागाहून कोणी खाली आणखी एक कलम घुसवू नये म्हणून. यादीत जे नाही ते नाही. लहानपणापासून माझा हात याच वळणावर बसला आहे.

छावणीच्या डॉक्टरने शहरातल्या रोग्यांनाही सोमवारी आणि गुरुवारी पाहायचे ठरवले. दरवाजावर लावायला त्याची चिठ्ठी कचेरीत आली : दुखणी, सच ॲज ताप, जखमा आणि आलेले डोळे, ज्यांना असतील त्यांस आत सोडावे. मी ती आमच्या वडील, म्हणजे कचेरीतल्या सर्वांत जुन्या, कारकुनांपुढे ठेवली. ते शहरातलेच, दफ्तरात केस पिकलेले गृहस्थ.

मी म्हटले, "साहेबांनी तीन नावं नुसती दाखल्यादाखल घेतली आहेत. आणखीही दुखणी चालतील असा अर्थ आहे."

"आणखी कोणती?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग आपण काय लिहायचं?"

"ताप, जखमा, डोळे वगैरे."

त्यांनी चष्मा काढला. "अहो, वगैरे घातलंत की दारावरचा शिपाई त्या वगैरेचा मालक झाला. त्याच्या मनात येईल तो आत, मनात नसेल तो बाहेर. समोर डागदर बसलेत. जा, बाकीची नावं विचारून या. नाहीतर तीन लिहा आणि संख्या घाला."

डॉक्टरचा बंगला अंगणापलीकडे होता. चाळीसेक पावले. तो ओसरीवर पाय लांब करून बसलेला मला खिडकीतून दिसत होता. मला इंग्रजी वाचता येते, पण बोलायची वेळ आली की मानेला घाम फुटतो. मी वाक्य मनात जुळवले. एकदा उठलोही. मग बसलो आणि लिहिले : ताप, जखम, डोळे. एकूण कलमे तीन.

चार महिने कोणाची तक्रार आली नाही. हडपसरकडून बैलगाडीत घालून आणलेली माणसेही बरी होऊन गेली. शिपायाला वाचता येत नसे. त्याने याद पाठ केली होती. येणाऱ्याला तो तीन बोटे दाखवी. सुबक अक्षरातली ती याद पाहून जाता-येता मला बरे वाटे, हेही खरे आहे.

भाद्रपदात भावाच्या पाठीवर काळपुळी झाली. वैद्यांचा लेप चालू होता. भावजय सकाळ-संध्याकाळ तो उगाळी. त्याला टेकून बसता येईना आणि वाकून लिहिताही येईना. मी कचेरीतून आलो की आज कसे आहे म्हणून विचारी आणि तो म्हणे, "पाठ माझी असून मलाच दिसत नाही. तुम्हीच सांगा."

गुरुवारी जेवताना तो म्हणाला, "दादा, आज तुमच्या छावणीवर जाऊन आलो."

"मला का नाही सांगितलंस? मी तिथंच होतो."

"सांगितलं असतं तर कारकुनाचा भाऊ म्हणून आत गेलो असतो. म्हटलं, रांगेनं जाऊन पाहू." भाताचा घास त्याने हातातच ठेवला. "याद तुमच्या हातची दिसली. अक्षर फार सुबक आहे. मी तीत बसत नाही."

भावजय आत चुलीपाशी होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

"जखम म्हणून सांगायचं होतंस."

"सांगितलं. शिपाई म्हणाला, जखम झालेली असते, ही आलेली आहे. बरोबरच बोलला तो."

मी म्हटले, उद्या मी तुला घेऊन जातो. वार बघत नाही. शुक्रवारी आधी डॉक्टरला गाठावे म्हणून मी पहाटे एकटाच निघालो. डॉक्टर पुढे शिरूरच्या छावणीवर गेला होता, सोमवारी परतणार होता. शनिवारी भावाला ताप भरला. मी कपाळाला हात लावला तेव्हा तो डोळे मिटूनच म्हणाला, "आता मात्र बसलो यादीत."

रविवारी तो काही बोलला नाही.

तेराव्यानंतर मी कामावर गेलो आणि बोरूला हात न लावता अंगण ओलांडले. इतके दिवस जुळवलेली वाक्ये होती. ती बरीचशी वाटेतच विसरलो. डॉक्टरने नीट ऐकून घेतले. पुळी कुठे होती, केवढी, रंग कोणता, असे विचारले. मग म्हणाला, "मी ती चिरली असती."

"तो वाचला असता?"

"ते सांगता येत नाही. त्याला आणलं का नाही?"

मी त्याला दरवाजापाशी नेऊन याद दाखवली. त्याला मराठी वाचता येत नव्हते. त्याने तळच्या ओळीवर बोट ठेवले. "हे काय आहे?"

"तीन."

"तीन काय?"

मी सांगितले. त्याचा चेहरा लाल झाला, पण तो रागावला नाही. रागावला असता तर मला जरा बरे वाटले असते. तो एवढेच म्हणाला की, दुखणे कोणते ते मी ठरवीन, दाराने नव्हे.

त्याच दुपारी मी नवी याद लिहिली. ताप, जखम, डोळे, आणि याखेरीज ज्याला जे दुखत असेल ते. कोणास परत पाठवू नये. खाली संख्या घातली नाही. वडील कारकुनांनी कागद दोनदा वाचला.

"याला याद म्हणत नाहीत. याला गप्पा म्हणतात."

मी कागद त्यांच्यापुढेच राहू दिला. शेवटी त्यांनी शिक्का उमटवून तो माझ्याकडे सरकवला. "तुमच्या भावाचं कळलं," ते म्हणाले. "मीच तुम्हाला विचारून या म्हणालो होतो." हे ते स्वतःच्या समाधानासाठी म्हणाले की माझ्या, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

या गोष्टीला दोन वर्षे झाली. तो डॉक्टर बदलून गेला, नवा आला. वार तेच आहेत. पुळी वेळेवर चिरली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मी तिघा वैद्यांना विचारला आणि तीन उत्तरे घेऊन आलो. आता विचारत नाही. सोमवारी आणि गुरुवारी मात्र माझ्या हातून काम होत नाही. चार ओळी लिहितो आणि उठतो. दरवाजाशी जाऊन उभा राहतो. शिपाई म्हणतो, "कारकूनसाहेब, सोडतोय सगळ्यांना, तुम्ही जा." मी जात नाही. रांगेतला शेवटचा माणूस आत जाईपर्यंत मी तिथे उभा असतो.